अकरा नंबरची सोबत

सौसरला बाईंच्या घरी खोली मिळवायची तर माणूस एकटा असावा लागे. पगार किती, जात कोणती, मटण शिजवतो की नाही, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. "लगन झालं का? ठरलं का? कोनी ठरवून राहिलं का?" या तिन्ही प्रश्नांना जो नाही म्हणेल त्याच्या हातात किल्ली पडे. माझ्याआधीपासून त्यांच्या मागच्या खोलीत एक पटवारी राहत होता. लग्न ठरल्याचे पेढे घेऊन तो त्यांच्याकडे गेला. बाईंनी पेढा खाल्ला, चांगला आहे म्हणाल्या, आणि खोली कधी खाली करतो ते विचारलं.

"बाई, बायको त गावीच राहीन. इथं मी एकटाच आहो," पटवारी काकुळतीला आला.

"मंग लगन कायले करून राहिला?" बाई म्हणाल्या.

पटवाऱ्यानं उरलेले पेढे उचलले आणि सामान बांधलं. तो गेला आणि त्याची खोली बंद राहिली. समोरच्या खोलीत मी होतो. मी मूळचा पांढुर्ण्याचा, ऐंशीच्या दशकात सौसरच्या एका कचेरीत कारकून म्हणून नवीनच लागलो होतो, आणि माझं लग्न कोणी ठरवत नव्हतं.

बाई म्हणजे रिटायर झालेल्या नर्स. सगळं गाव त्यांना शिष्टरबाई म्हणायचं. ठेंगण्या, काटक, अंगावर पांढरी सुती साडी आणि मनगटावर घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला केलेलं. त्यांच्या बैठकीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली एक स्टूल, आणि साऱ्या घराला फिनेलचा वास. लग्न त्यांनी केलं नव्हतं. उभ्या हयातीत सौसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात त्यांनी लोकांची बाळंतपणं केली होती आणि त्याचा फायदा त्या पुरेपूर उठवत. बाजारात कोणी तराजू वाकडा धरला की बाई त्याच्या तोंडाकडे निरखून पाहत. "तू त्या तेल्याच्या बोळीतला ना? पायाळू होता तू. रातभर रडवलं मायले. आता लोकायले रडवून राहिला!" मग भाजीवाला वर दोन वांगी घालून त्यांना लवकर वाटेला लावी. एका बँकेच्या मॅनेजरबद्दल तर त्यांनी त्याच्याच देखत, चार लोकांत सांगितलं, "ह्याले म्या पाय धरून उलटा टांगला अन् दोन ठेवून दिल्या, तवा कुठं आवाज निघाला. अजूनबी तसाच आहे. दोन दिल्याबिगर काम करत नाई."

एकटं राहण्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "मानूस एकटाच पैदा होते. मी सोता पाह्यलं आहे."

"आणि जुळे, बाई?" मी एकदा विचारलं.

"जुळेबी एकामागं एकच येते."

अशा बाईंनी गिनीपिग मात्र दोन पाळले होते. ज्या दवाखान्यातून त्या रिटायर झाल्या, तिथं पूर्वी तपासणीसाठी गिनीपिग ठेवत. पुढं ती तपासणी बंद झाली, जनावरं एकेक करून संपली आणि दोन माद्या उरल्या. निरोपाच्या दिवशी बाईंपुढं शाल-नारळ आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "शाल कायले? त्या दोघी द्या." साहेबांना त्या दोघींचं काय करावं हा घोर होताच. त्यांनी नारळही दिला आणि त्या दोघीही दिल्या.

सशाहून लहान, उंदराहून मोठं, बिनशेपटीचं, सारखं काहीतरी कुरतडणारं हे जनावर गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. लोक त्यांना विलायती उंदीर म्हणायचे. शेजारणी येऊन विचारायच्या, हे अंडे देते का, दूध देते का, मग देते तरी काय? "तरास नाई देत," बाई सांगत. दवाखान्यात पिंजऱ्यांवर लिहिलेले नंबर होते तेच त्यांनी चालू ठेवले होते. एक सात नंबर, दुसरी अकरा नंबर. नाव ठेवलं की माणूस लाड करायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. लाड त्या करतच नसत. रोज सकाळी दोघींना कोथिंबीर निवडून देत, पाणी उकळून गार करून देत, आणि थंडीत पिंजऱ्यावर स्वतःची शाल टाकत.

श्रावण लागला त्या सुमारास सात नंबर गेली. वय झालं होतं. सकाळी मी कचेरीला निघालो तेव्हा बाई पिंजऱ्यापुढं बसलेल्या. सात नंबर आत आडवी पडली होती आणि बाईंनी तिच्याखाली एक स्वच्छ फडकं सारलं होतं. परसात खड्डा करून देऊ का, असं मी विचारलं.

"थांब. पाहू दे तिले."

अकरा नंबर जवळ आली. तिनं सात नंबरचा कान हुंगला, चाटला, नाकानं ढोसून पाहिलं. मग तिला चिकटून बसली. बऱ्याच वेळानं उठली आणि कोपऱ्यात जाऊन तोंड फिरवून बसली. मेलेलं जनावर जित्या जनावराजवळ ठेवायचं हा प्रकार मला कसासाच वाटला, आणि तो माझ्या तोंडावर दिसला असावा.

"पहिले आमी मेलेलं लेकरू मायले दाखवत नव्हतो," बाई म्हणाल्या. "कपड्यात गुंडाळून मांगच्या दारानं न्यायचो. त्या बाया मंग कोनाचंबी लेकरू रडलं का उठून पाह्याच्या. मी दाखवाले लागली. डॉक्टर वरडला माह्यावर. म्या म्हनलं, वरड. पाह्यलं का मानूस रडते, अन् रडलं का जेवते."

हे सगळं त्यांनी कारल्याच्या बिया काढता काढता सांगितलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा बाईंची भीती वाटली नाही, नुसता आदर वाटला. मी खड्डा केला, त्यांनी सात नंबरला पुरलं, हात धुतले आणि पिंजऱ्यात कोथिंबीर टाकली.

पण अकरा नंबर जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. एखादी काडी तोंडात धरायची आणि सोडून द्यायची. बाईंनी हा रोगच मानला. तिचा ताप पाहिला, पोट चाचपलं, दात तपासले. संत्र्याचा हंगाम नव्हता, तेव्हा संत्र्यांच्या गावात राहून संत्र्याच्या चवीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या विकत आणायची पाळी आली म्हणून त्या चिडल्या, गोळी कुटून पाण्यात कालवली आणि ड्रॉपरनं पाजली. मऊ शिजवलेल्या हरभऱ्याचं पाणी पाजलं. त्यावर ती जगत होती एवढंच. अंगावरचे केस विसकटले, पाठीचं हाड हाताला लागायला लागलं. बाई तिला रोज किराणा दुकानाच्या तराजूत तोलून आणत आणि घरी येऊन वजन कॅलेंडरवर लिहीत. हे जनावर दोन आठवड्यांत जाईल हे मलाही दिसत होतं.

शेवटी त्यांनी ढोरांच्या डॉक्टरला बोलावलं. तोही अर्थात त्यांच्याच हातावर जन्मलेला. त्यानं पाहिलं आणि सांगितलं, "हिले काई रोग नाई, बाई. जोडीदारीन गेली म्हनून खात नाई. दुसरी आना."

"कायची जोडीदारीन? मी जनमभर एकटी आहो. माहं जेवन सुटलं का कधी?"

डॉक्टरनं बॅग उचलली, चपला घातल्या, दाराकडची वाट मोकळी आहे हे पाहून घेतलं. "बाई, तुमी सकाळी दूधवाल्यासंग भांडता, दुपारी पोस्टमनसंग, संध्याकाळी ह्या भाडेकऱ्यासंग. तुमी कुठच्या एकट्या? एकटी त ही आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा दाढीचा आरसा जागेवर नव्हता. तो पिंजऱ्यात उभा केलेला होता. अकरा नंबर त्याच्याजवळ गेली, साबणाचा वास घेतला आणि पाठ फिरवून बसली. "काच आहे हे समजते तिले," बाई म्हणाल्या. "तुले समजत नाई, रोज अर्धा घंटा पाहत राहते."

मग माझी नेमणूक झाली. कचेरीतून आलो की पिंजऱ्यापुढं बसून पेपर मोठ्यानं वाचायचा. काय वाचू, म्हणून मी विचारलं. "काईबी वाच. तिले काय मत द्याचं आहे?" मी बाजारभाव वाचले, मंत्र्यांचे दौरे वाचले. अकरा नंबर तोंड भिंतीकडे करून ऐकायची. माझ्या आवाजात दम नाही, असा निकाल देऊन बाईंनी मला कामावरून काढलं.

लोधीखेड्याहून एकानं ससा आणून दिला. सशानं पिंजऱ्यात शिरताच मागच्या पायांनी अशी लाथ झाडली की अकरा नंबर पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडली. ससा त्याच पायी परत गेला. शेजारचे एक काका हळहळले, "जमनारच नव्हतं, शिष्टरबाई. जात अलग पडली ना."

बाई ताडकन उठल्या. "जातीचं नाव काढू नका माह्या घरात! त्याचे पाय लंबे आहेत म्हनून नाई जमलं."

पोळ्याला मी घरी पांढुर्ण्याला गेलो. संध्याकाळी सहज जत्रेत फिरत होतो, तर एका ठिकाणी ही गर्दी. जमिनीवर गोल रिंगण, कडेनं टिनाची छोटी छोटी घरं, प्रत्येक घरावर नंबर. मधोमध उपडी टोपली. लोक आपापल्या नंबरावर नाणं ठेवत, खेळवाला टोपली उचले, आणि आतून निघालेलं जनावर पळत ज्या घरात शिरे, त्या नंबरवाल्याला साबणाची वडी नाहीतर कंगवा मिळे. "पाहा, पाहा, मॅडम कोनाच्या घरी जाते!" खेळवाला ओरडत होता. टोपली उचलली गेली आणि मी पाहिलं, ती मॅडम म्हणजे चक्क गिनीपिग होती.

मी तसाच शेवटच्या बसनं सौसरला गेलो. उद्या गोटमार, सावरगावाशी वर्षाची दगडफेक, आणि पांढुर्ण्याचं पोरगं आज गाव सोडून उंदरासाठी निघालं, हे माझ्या आईला काही केल्या पटेना.

सकाळच्या पहिल्या बसनं बाई माझ्यासोबत पांढुर्ण्यात हजर. त्या दिवशी सगळं गाव जाम नदीच्या काठावर होतं, पलीकडं सारं सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस. ढोल वाजत होते, आरोळ्या उठत होत्या. नोकरीत असताना बाईंनी त्या दिवसाची कितीतरी डोकी शिवली होती. आज त्यांनी नदीकडं मान वळवली नाही. एकजण डोक्याला हात लावून, रक्तानं माखून समोर आला, तर त्याला म्हणाल्या, "घट्ट दाबून धर अन् तिकडे तंबूत जाय. मले काम आहे."

खेळवाला मैदानाच्या टोकाला बसला होता. गिऱ्हाईक नव्हतं, सगळे दगडांच्या नादात. मागं एका पत्र्याच्या पेटीवर त्याची बायको बसलेली, पोटुशी.

"इकशीन का हे?" बाईंनी सरळ विचारलं.

"मॅडम? नाई, बाई. ही माही रोजीरोटी आहे. दुसरं काईबी मांगा."

"दुसरं काय आहे तुह्यापाशी?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. साबण, कंगवे, टिनाची घरं. बाईंनीही पाहिलं, आणि त्यांची नजर पेटीवरच्या बाईवर जाऊन थांबली. त्या तिच्यापुढं उकिडव्या बसल्या. तिच्या पायावर अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला. मग तिचे हात पाहिले, पापण्या पाहिल्या.

"डोकं दुखते का, माय?"

"लय दुखते."

"डोयापुढं अंधारी?"

"येते कदी कदी."

"कितवा?"

"नववा लागला."

बाई उठल्या. "हिले झटके येतीन. आत्ताच्या आत्ता घेऊन चाल."

खेळवाल्याला वाटलं, म्हातारीनं डाव टाकला. त्यानं हात जोडले. "बायकोले न्या, बाई, पन मॅडम नाई भेटनार."

"तुही मॅडम घाल चुलीत! तिले उठव पहिले!"

मी हळूच त्यांच्या कानाशी म्हणालो, "बाई, अन् अकरा नंबर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मयताच्या घरी चहा मागितला होता.

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात त्या दिवशी फुटक्या डोक्यांची रांग, म्हणून ते सगळे सौसरला आले. बायकोला सोडून तो राहीना, आणि मॅडमला सोडून त्याचं पोट भरेना. पुढं तो लोकांना सांगायचा की बाईंनी गिनीपिगसाठी माझी बायको पळवली. बाई सांगायच्या की बायको आणली, तिच्यामागं गिनीपिग आलं. मी तिथं हजर असूनही दोघं माझी साक्ष काढत नसत.

खेळवाल्याच्या बायकोला बाईंनी आधी सरकारी दवाखान्यात नेऊन भरती केलं आणि तिच्या खाटेशी स्टूल टाकून बसल्या. रिटायर झालो आहोत ही गोष्ट त्यांनी तिथल्या डॉक्टरला आणि नर्सांना विसरायला लावली. मीठ बंद, उजेड बंद, बडबड बंद. थोडे दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला होता. मग एका दुपारी मुलगी झाली. माय वाचली, लेक वाचली. बाईंनी तिघांना आणून पटवाऱ्याच्या बंद खोलीत ठेवलं. जोडपं, वर तान्हं लेकरू! सगळी आळी बघायला जमली. "ती खोली नाई, वार्ड आहे," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

इकडं अकरा नंबर ड्रॉपरवर जगत होती, आणि मॅडम घराच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या पिंजऱ्यात होती. कोणता रोग घेऊन आली असेल सांगता येत नाही, म्हणून बाईंनी तिला आधी दवाखान्याच्या शिस्तीनं वेगळं ठेवलं. भेटीचा दिवस ठरला तेव्हा त्यांनी माझी खोली मागितली. "तिच्या घरात नाई, अन् हिच्या घरात नाई. तुह्या खोलीत." माझी खाट, ट्रंक आणि मी ओसरीवर आलो. बाईंनी गरम पाणी आणि सोड्यानं फरशी धुतली, दोन्हीपैकी कोणाचाही वास राहू नये म्हणून. दोन खोकी उपडी ठेवली, प्रत्येकाला दोन दारं कापली. "एका दारातून दुसरी आत आली, त दुसऱ्या दारातून निंगता आलं पाह्यजे. त्याले म्हनते घर."

मग दोघींना सोडलं. मॅडमनं इकडं तिकडं पाहिलं आणि सवयीप्रमाणं पळत जाऊन जवळच्या खोक्यात शिरली. "तिले वाटलं, डाव झाला," खेळवाला म्हणाला. अकरा नंबर बराच वेळ जागीच बसून होती. मग नाक हलवत, थांबत थांबत त्या खोक्याशी गेली. आत तोंड घातलं. आतून दात वाजल्याचा आवाज आला, झटापट झाली आणि अकरा नंबर जोरात किंचाळली. श्रावणापासून तिचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. मी पुढं झालो तर बाईंनी माझं मनगट धरलं.

"मध्ये पडू नको. भांडू दे."

"तिला लागेल, बाई."

"रगत निंगालं त मी पाहीन. भांडाले कोनी भेटलं आहे तिले."

त्या भांडल्या. एकमेकींभोवती गोल फिरल्या, पाठी फुगवल्या, एकमेकींच्या खोक्यात घुसल्या आणि दुसऱ्या दारानं पळाल्या. बाईंनी मध्ये कोथिंबिरीची जुडी टाकली. मॅडम एका बाजूनं खायला लागली. अकरा नंबर पाहत राहिली. मग दुसऱ्या बाजूनं आली, एक काडी ओढली, ती तोंडात धरली, आणि चावली. मग दुसरी ओढली. बाईंनी मनगट वळवून घड्याळात पाहिलं, मूल जन्मलं की पाहत असतील तसं.

"खाऊन राहिली," एवढंच त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी आम्हा सगळ्यांसाठी चहा केला. भाडेकऱ्याला चहा, हे त्या घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की त्यात साखर नाही हे मी बोललो नाही.

त्यानंतर दोघी एकाच पिंजऱ्यात आल्या. रोज थोडं भांडण होई, मग दोघी एकमेकींना टेकून झोपत. अकरा नंबरच्या पाठीचं हाड पुन्हा दिसेनासं झालं. बाई दूधवाल्याशी जोमानं भांडायला लागल्या. दसरा गेला. खेळवाल्याची बायको उभी राहिली, लेकरू बाळसं धरायला लागलं, आणि एके दिवशी तो मॅडमला घेऊन बाजाराला गेला, दिवसभराच्या कमाईसाठी. संध्याकाळी परत येईपर्यंत अकरा नंबर पिंजऱ्याच्या दाराशी बसून होती. समोरचं गवत जसंच्या तसं.

दिवाळी तोंडावर आली. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि खेळवाल्याची वर्षाची कमाई तीच. त्याला निघायला हवं होतं. निघण्याआधी तो बाईंपुढं येऊन उभा राहिला.

"मॅडमले तुमच्यापाशी ठेवून जातो, बाई. तुमी माहं घर वाचवलं."

"अन् तू काय सोता पळशीन रिंगनात?"

"पाहीन काई दुसरं."

"लेकराले काय, कंगवे चारशीन?"

त्यानंतर बाई दोन दिवस कोणाशी भांडल्या नाहीत. दूधवाल्यानं पाणी घातलेलं दूध दिलं, ते त्यांनी तसंच घेतलं. तो घाबरून माझ्याकडे आला, "बाईची तबेत बरी आहे ना?" बाई कोथिंबीर निवडत आणि निवडता निवडता हात थांबत. त्यांच्या मनात काय चाललं आहे ते मला कळत होतं, आणि तसं होऊ नये असं फार वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिंजरा स्वतः उचलून आणला आणि खेळवाल्याच्या पेटीवर ठेवला. आत दोघी होत्या.

"संत्र्याची एक फोड रोज द्याची. बिया काढून. आता निंगाले आहे संत्रे. पानी उकळलेलं. अन् रिंगनात एकटीले सोडू नको, दोघीले संगच सोड."

"बाई, संग सोडल्या अन् दोन घरात गेल्या त? मी बक्षीस कोनाले देऊ?"

"नाई जानार."

खेळवाल्याची बायको रडली. खेळवाला पाया पडला, त्याला बाईंनी उठवलं आणि बस चुकेल म्हणून दम भरला. बस गेली. घरी आल्यावर त्यांनी पिंजऱ्याची जागा धुऊन काढली.

"मला वाईट वाटलं, बाई," मी म्हणालो. खरंच वाटलं होतं.

"तुले वाटून काय उपेग? तू काय कोथमीर खाते?"

पुढं वर्षभर त्यांनी काही पाळलं नाही. मांजरसुद्धा दाराशी उभं केलं नाही. अकरा नंबरचा विषय मी काढला की त्या माझ्या खोलीत जाळं झालं आहे, असं काहीतरी काढत. कोथिंबीर मात्र त्या सवयीनं जास्तच आणायच्या आणि मग ती पिवळी पडली म्हणून भाजीवाल्याला बोल लावायच्या.

पुढच्या दिवाळीनंतर गावात कोणीतरी बातमी आणली की बोरगावच्या मंडईत एकाचा जोडीचा खेळ आला आहे, दोन विलायती उंदीर एकदम पळतात, लोक तुटून पडतात. बाईंना त्याच दिवशी बोरगावला काम निघालं. संत्र्यांची पिशवी धरायला मी.

रिंगणाभोवती उभं राहायला जागा नव्हती. बाईंनी दोघातिघांना त्यांच्या जन्माची आठवण करून दिली आणि पुढं वाट काढली. खेळवाल्यानं पाहताच खेळ थांबवला, बायको लेकराला कडेवर घेऊन धावत आली. लेकरू गोबरं झालं होतं. मग टोपली उचलली गेली.

दोघी होत्या. अकरा नंबर चांगली भरली होती, केस चकचकीत. खेळवाला म्हणाला, "आवाज द्या, बाई. वळखीन तुमाले."

बाई खाली वाकल्या. "अकरा," त्यांनी हाक मारली. असा आवाज त्यांच्या गळ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. "अकरा, ए अकरा."

अकरा नंबर आमच्यापासून दोन हातांवर होती. तिनं नाक वर केलं. मग मॅडमच्या कानाशी हुंगलं, मॅडमनं तिला ढोसलं, आणि दोघी एकमेकींच्या अंगाला अंग घासत पळत सुटल्या आणि एकाच घरात शिरल्या. एवढ्याशा घरात दोघी मावत नव्हत्या. अकरा नंबरची पाठ बाहेर राहिली होती, आमच्याकडे.

लोकांनी गलका केला. बाई सरळ झाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता.

"पाह्यलं? वळून नाई पाह्यलं तिनं!"

हे त्यांनी मला सांगितलं, खेळवाल्याच्या बायकोला सांगितलं, भजीवाल्याला सांगितलं, रस्त्यात भेटलेल्या, अकरा नंबर म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसांनाही सांगितलं. "मले बिलकुल वळखलं नाई!" पोराला नोकरी लागल्याचं लोक सांगतात त्या तोऱ्यात.

परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, बहुतेक लेकीकडून परत चाललेली, कारण पिशवीत फराळाचा डबा होता. तिलाही बाईंनी सांगायला सुरुवात केली. म्हातारीला काहीतरी अर्धवट समजलं.

"लेक दिली का तुमी बोरगावात?"

"हो," बाई म्हणाल्या. "सुखात आहे. मी हाक मारली, त वळूनबी नाई पाह्यलं."

"अगं माय!" म्हातारीचे डोळे भरून आले. "अशी कशी वं लेक! इतकं करा पोरीसाठी—"

"रडाले काय झालं तुले?" बाई तिच्यावर ओरडल्या. सगळी बस वळून पाहायला लागली. "सुखात आहे म्हनलं ना मी! कानानं कमी ऐकू येते का?"

म्हातारी घाबरून सरकली आणि पदर तोंडाला लावला. बाई समोर पाहत ताठ बसल्या, मांडीवर रिकामी पिशवी नीट घडी करून. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मलाही रडू येत होतं, आणि काय झालं म्हणून त्यांनी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.